खालची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती त्याच्या आधीच गेली. पाळकसाहेबांना सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या दारातून परत आलो. एकदा त्यांच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या वेळी नव्हते. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीही रडतखडत. माझं अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली उतरत जाते. पण वाचता मला येतं, आणि ते मी शाळेत नाही, शास्त्रातून, म्हणजे बायबलातून शिकलो. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसला कोळशाच्या यार्डात होतो. दुपारच्या सुट्टीत हात खसाखसा धुवायचे, बोट ओळीखाली धरायचं आणि एकेक शब्द फोडायचा. बरोबरचे हसायचे— "शांतवन, वाचतोय का भुईमुगाच्या शेंगा फोडतोय?" हसू देत. मी हट्टी माणूस. एकदा धरलं की सोडत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही— पुढे कळेलच.

शांतवन हे नाव आजोबांनी ठेवलेलं. शांतवन म्हणजे दिलासा. त्यांना काय माहीत?

आमच्या मंडळीत एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर शास्त्रातलं एक वचन असतं. पितळी ताटात चिठ्ठ्यांच्या सुरळ्या ठेवलेल्या असतात, वर पांढरा रुमाल. ताट बाकाबाकावरून फिरतं. आपण डोळे मिटायचे, मनात प्रार्थना करायची, रुमालाखाली हात घालायचा आणि हाताला येईल ती सुरळी उचलायची. ते आपलं वर्षाचं वचन. वर्षभर ते शास्त्रात ठेवायचं, पाकिटात ठेवायचं, देव्हाऱ्यासारखं जपायचं— ख्रिस्ती माणसानं देव्हारा म्हणू नये, पण तसंच जपतात.

तुम्हाला वाटेल, कागदाचा कपटा तो. त्याच्यानं काय होतं?

ते मला चांगलं माहीत आहे, हेच तर सांगायचंय. सुशीला, माझी बायको, आजारी पडली त्या वर्षी मला चिठ्ठी आली होती की तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. मी ती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. भाजीच्या वाफेनं शाई पसरली, महिन्याभरात अक्षरं गेली, नुसता निळा डाग राहिला. मी तो डाग वाचायचो. झाकण उघडायचं, डाग वाचायचा, मग जेवायचं. त्या डागावर मी ते वर्ष काढलं. सुशीला वाचली नाही. मी मात्र रोज वाचत होतो. तिला मातीत ठेवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि डबा उघडला, तेव्हाही तो डाग तिथंच होता. बरोबर असेन म्हणाला होता, आणि होता. हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही, माझ्या अंगावरून गेलेलं सांगतो.

म्हणजे चिठ्ठी काय करते हे मला मंडळीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे होतं. सन्डेस्कूलच्या बाई— सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे— नाताळच्या आधी फुलस्केप कागदांवर वचनं लिहून द्यायच्या. शास्त्रातलीच, पण पोराबाळांना कळतील अशा सोप्या शब्दांत, आणि शेवटी अध्याय नि ओळीचा आकडा. मी ते कागद घरी आणायचो, कात्रीनं कापायचो, सुरळ्या करायचो, पांढऱ्या दोऱ्यानं बांधायचो. आणि एक तारखेला कोट घालून ताट फिरवायचो. पंचांमध्ये सगळे शिकलेले, मी एकटा चौथी पास. पण ताट माझ्या हातात. त्या दिवशी मोठमोठी माणसं माझ्यासमोर डोळे मिटून बसायची. ते मला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

आता माझी मुलगी. सुवार्ता तिचं नाव, घरात सुवा. एकुलती. तिला मी सटाण्याला दिली, कांद्याच्या व्यापाऱ्याकडे. स्थळ मीच शोधलं होतं. जावई प्रमोद दिसायला चांगला, प्रार्थना करायला लागला की ऐकत राहावं असा. "माझ्या पोरीनं नशीब काढलं," हे मी नाशिकरोडला किती जणांना सांगितलं असेल, त्याचा पत्ता नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. सुवाच्या लग्नानंतर वर्षभरात आमच्या मंडळीतल्या दाविद मिस्त्रीची मुलगी नवऱ्याचं घर सोडून आली. दाविद तेव्हा पंच होता. मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्याला स्वतःच्या लेकीचं घर सांभाळता येत नाही, त्यानं देवाचं घर काय सांभाळायचं?" दाविदनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दुसऱ्या रविवारी पंचपणाचा राजीनामा दिला. त्याच्या जागी कोण आलं, हे तुम्ही ओळखलं असेल.

त्याच्या पुढच्याच नाताळात सुवा आली. एकटी, एक बॅग घेऊन. डोळ्याखाली हिरवं-काळं झालेलं. तिनं काही लपवलं नाही. प्रमोद मारायचा— जेवणात मीठ कमी पडलं म्हणून, कांद्याचा भाव पडला म्हणून, काहीच नाही म्हणून. मूल नव्हतं, तेही तिच्याच नावावर. मी ऐकून घेतलं. चहा घेतला. आणि तुम्हाला खरं सांगतो, ती रडत होती तेव्हा मला तिचा चेहरा दिसत नव्हता— दाविदचा दिसत होता, चष्मा पुसणारा.

मी म्हणालो, "बघू. नाताळ होऊ दे."

नाताळ झाल्यावर एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पप्पा, मी ठरवलंय. एक तारखेला जी चिठ्ठी येईल, तसं करीन. देव म्हणाला राहा, तर परत जाईन. म्हणाला नीघ, तर निघाले. मग तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"त्याच्यापुढे मी कोण नाही म्हणणारा?" मी म्हणालो.

त्या वेळी बाईंचे कागद माझ्या खाटेखाली होते. कापायचे बाकी होते.

मी दुपारी कापायला बसलो. सुवा बाजारात गेली होती. मी एरवी कापताना वाचत नाही, वेळ जातो. त्या दिवशी प्रत्येक वाचलं. तिसऱ्या कागदावर एक सापडलं. दोन ओळींचं होतं. वरची ओळ— देव विश्वासू आहे, तुला सोसवणार नाही इतकं तो तुझ्यावर येऊ देणार नाही. आणि खालची ओळ— आणि जे येईल त्यातून बाहेर पडायची वाटही तोच करून देईल. मग अध्याय, आकडा.

माझा हात थांबला. मला वाटलं, हीच तिला येणार. दीडशे चिठ्ठ्यांतून हीच येणार, आणि खालची ओळ वाचून ती सगळ्या मंडळीसमोर म्हणेल की वाट मिळाली.

ती चिठ्ठी मी बाजूला ठेवू शकलो असतो. फाडू शकलो असतो. तेवढंच केलं असतं, तर आज मी कदाचित हे लिहीत बसलो नसतो. पण वरची ओळ माझ्या इतकी सोयीची होती—

मी दोन ओळींच्या मधून कात्री चालवली.

झालं. हेच ते. एवढ्यासाठी इतकं फिरवत आणलं तुम्हाला.

वरच्या ओळीची सुरळी केली. ती बाकीच्यांपेक्षा बारीक झाली, आगकाडीएवढी, म्हणून ओळखायला सोपी. खालची ओळ हातात राहिली. ती फेकवेना. वचन केरात टाकू नये, जाळू नये, असं आमच्यात मानतात. वचनाच्या कागदाचा एवढा मान ठेवायचं मला सुचलं बघा. पट्टी मी चष्म्याच्या डबीत, मखमलीच्या खाली सारली.

एक तारखेला ताट घेऊन निघालो. बारीक सुरळी रुमालाखाली, काठाशी, माझ्या अंगठ्यात धरलेली. बायकांच्या बाजूला चौथ्या बाकावर सुवा बसली होती. पदर डोक्यावर, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. तिनं हात पुढे केला. मी ताट जरासं वळवलं. तिची बोटं माझ्या अंगठ्याला लागली— तिला वाटलं असेल ताटाचा काठ— आणि मी अंगठा सोडला.

पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला आपलं वचन वाचून दाखवायचंय का? सुवा उभी राहिली. वाचलं. आवाज कापत नव्हता. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणालो.

बाहेर आल्यावर तिनं चिठ्ठी मला दाखवली. "पप्पा, याच्यावर अध्याय नाही लिहिलेला."

"बाई विसरल्या असतील," मी म्हणालो. "वय झालं आता त्यांचं."

दोन दिवसांनी सीबीएस स्टँडवरून तिला सटाण्याच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला. मी परत येताना दाविद मिस्त्रीच्या दारावरून आलो. तो रस्ता लांबचा होता. तरी त्याच रस्त्यानं आलो.

ती तिथं सात वर्षं राहिली. फोन करायची. मी विचारायचो, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "सोसवतंय, पप्पा. सोसवतंय म्हणजे सोसवेल एवढंच दिलंय त्यानं." दर वेळी हेच. कधी हसून, कधी नुसतं. आणि मी म्हणायचो, "देव बरं करो," आणि फोन ठेवायचो. त्या सात वर्षांत मी स्वतः चिठ्ठी काढली नाही. ताट धरणाऱ्याला कोण विचारतं, तुझं वचन काय म्हणून?

कापलं ते एका दुपारचं काम. घाबरलो, डोकं फिरलं, असं कुणी म्हणू शकेल. पण पाचव्या वर्षी जे केलं, ते काय होतं?

पाचव्या वर्षी विहीणबाईंचा फोन आला की सुवा दवाखान्यात आहे. गेलो. प्रमोदनं कानाखाली मारलं होतं, कान फुटला, मग त्यात पू झाला. तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं की कांद्याच्या चाळीत पाय घसरला. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "तुमनी पोर भलती नाजूक शे हो, व्याही." मी आत गेलो. सुवाला हाक मारली, तिनं बघितलं नाही. दुसऱ्या बाजूनं मारली तेव्हा तिनं मान वळवली. डावा कान गेला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. काही मागितलं नाही तिनं. फक्त बघत राहिली— घेऊन चला, असं. बाहेर गाडी होती, खिशात भाडं होतं, घरी दोन खोल्यांत मी एकटा होतो.

मी तिच्या उजव्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "तुझं वचन आठव, पोरी."

तिनं डोळे मिटले. "हो, पप्पा," म्हणाली.

मी एकटा परत आलो. चष्म्याची डबी शर्टाच्या वरच्या खिशात होती, तिच्यात खालची ओळ. दवाखान्यातही माझ्याजवळच होती. मी ती ओळ तिच्यापासून वीतभर अंतरावर घेऊन उभा होतो.

तिला बाहेर मी काढलं नाही. सातव्या वर्षी ती दुपारची शास्त्र वाचत होती. ती काही शोधत नव्हती, नेमानं ओळीनं वाचत आली होती, नव्या करारातल्या पत्रांपर्यंत आली होती. तिथं तिला ती ओळ भेटली. आधी वाटलं, आपलंच वचन. मग बोट पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती माझ्या दारात उभी, दोन बॅगा, रिक्षावाला मागे. नमस्कार नाही, काही नाही. शास्त्र उघडून माझ्यापुढे धरलं.

"पप्पा, सापडलं. हे बघा. माझ्या वाट्याला अर्धंच आलं होतं."

मी खिशातून चष्म्याची डबी काढली. डबी उघडली, चष्मा लावला, डबी मिटली. तिच्या बोटाखालची ओळ पहिल्यांदा वाचावी तशी वाचली.

"बाई तरी काय," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. "लिहिता लिहिता चहा आला असेल, राहिली खालची ओळ."

बाई तोवर वारल्या होत्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, एक अक्षर कधी चुकलं नाही. मी म्हणालो, "असेल."

आता ती माझ्याजवळच असते. डबे करते, चाळीस-पन्नास माणसं आहेत तिची. प्रमोदपासून कागदोपत्री मोकळी झाली. मंडळीत कुणी माझ्यावर बोट ठेवलं नाही. दाविद मिस्त्री तर पहिल्याच रविवारी घरी आला, सुवाच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्या पाठीवर ठेवला आणि चहा न घेता गेला. एवढ्यासाठी मी तिला सात वर्षं तिथं ठेवलं होतं. जे होईल म्हणून घाबरलो होतो, ते झालंच नाही.

आणि ती साक्ष देते. बायकांच्या सभेत, कधी दुसऱ्या मंडळीतही बोलावतात. देवळात ती पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला बसते, उजवा कान उपदेशाकडे यावा म्हणून. साक्षीला उभी राहिली की सांगते— देवानं मला वरची ओळ आधी दिली, अंगात बळ यावं म्हणून. खालची ओळ नंतर दिली, वेळ झाली तेव्हा. अर्ध्या वचनावरही माणूस तगतं, बायांनो, पण अर्ध्यावर थांबू नका, पुढे वाचा. बायका डोळे पुसतात. परवा एक तरुण मुलगी तिच्या गळ्यात पडून कितीतरी वेळ रडली, आणि गेल्या आठवड्यात ती मुलगी माहेरी परत आल्याचं कळलं.

मी मागे बसून ऐकतो. काय करू? ती म्हणते, बाईंना विसर पाडणारा देवच होता.

पाळकसाहेबांना सांगितलं, तर तेही हेच म्हणतील. देव माणसाच्या चुकीतूनही आपलं काम करतो, असं म्हणतील, माझ्या खांद्यावर हात ठेवतील. म्हणून तर त्यांना सांगितलं नाही. त्यानं त्याचं काम केलं असेल. तिला ज्या ओळीनं तगवलं ती खरीच होती, मी कापली म्हणून खोटी झाली नाही, हे मलाही कळतं. पण तो कान त्यानं नाही घेतला. तो मी घेतला.

कधी स्वतःला सांगतो, तिला कळलं तर तिचा विश्वास मोडेल, म्हणून गप्प आहे. हेही खोटं. तिचा विश्वास माझ्यासारख्याच्या हातून मोडणारा नाही, सात वर्षं करून बघितलं ना मी. मला भीती वेगळी आहे. ती पोळी लाटता लाटता मान वळवून माझ्याकडे बघते, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून. ती मान वळवणं थांबेल.

मला शास्त्रातून अजून धीर मिळतो का? मिळतो. सकाळी खिडकीशी बसतो, बोट धरून वाचतो, आणि वाचलेलं लागतं— डब्याच्या झाकणातल्या डागासारखं लागतं. बंद व्हायला हवं होतं, असं वाटतं. होत नाही. फक्त ते एक पान मी उघडत नाही.

गेल्या महिन्यात एकदा बोललो. दुपार होती. सुवा ओट्यावर मटार सोलत होती, मी शेजारी जाऊन बसलो. डबी हातात घेतली. आणि म्हणालो, सगळं म्हणालो— बाई विसरल्या नव्हत्या, सुवा, मी कापली होती, ताट मी वळवलं होतं, दवाखान्यात मला माहीत होतं. सावकाश, एकेक शब्द, शेंगा फोडाव्यात तसं. ती सोलत राहिली. मग तिला काहीतरी जाणवलं असावं. तिनं मान वळवली.

"काय म्हणालात, पप्पा?"

"काही नाही," मी म्हणालो. "मटार कोवळे आहेत."

पट्टी अजून डबीतच आहे. आणि हेही सांगून टाकतो— बसायला दोन्हीकडे जागा होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो.